आधी एक होडी बांधायला घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावात लाकडी होडी बांधणारे दोनच मिस्त्री उरलेत, दोघंही सत्तरी ओलांडलेले. त्यांची मुलं फायबरच्या कामावर, नाहीतर मुंबईला. शिडावर चालणारी होडी शेवटची कधी पाण्यात गेली, हे गावातल्या तरुणांना सांगता येत नाही. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे, चाकरमानी वर्गणी द्यायला तयार आहेत. तर संग्रहालय करावं, प्रशिक्षणवर्ग काढावा, की मिस्त्रींचं सगळं काम व्हिडिओत धरून ठेवावं?

तिन्ही गोष्टी नंतर करा. आधी त्या दोघांना एक होडी बांधायला सांगा. बारा हातांची, म्हणजे अठरा फुटी, उलांडीची (बाजूला तोल सांभाळणारं लाकूड असलेली), शीड लागेल अशी. आणि ती कुणासाठी बांधायची ते लाकूड आणायच्या आधी ठरवा. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांसाठी, खाडीत गरी टाकून पोट भरणाऱ्या एखाद्या घरासाठी, किंवा पर्यटकांना खाडी फिरवणाऱ्या पोरांसाठी. ज्या होडीला मालक नाही, त्या होडीत मिस्त्रीचा जीव रमत नाही. माझ्या वडिलांना एका कार्यक्रमात मांडायला म्हणून छोटी होडी करायला सांगितली होती. दिसायला सुबक झाली, पण तिचे सांधे त्यांनी भरलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "पान्यात जावची नाय, तर तिका कित्याक होया?"

मी देवगड तालुक्यात खाडीकाठी वाढलो. आजोबा मिस्त्री, वडीलही मिस्त्री. चौदाव्या वर्षी फळीचं दुसरं टोक धरायला उभा राहिलो, त्याला आता चाळीस वर्षं होतील. मधली अकरा वर्षं फायबरच्या साच्यांवरही काम केलं. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते दोन्हीकडचं पाहून सांगतोय.

आमच्या कामाला नकाशा नसतो. तळाचा कणा, ज्याला आम्ही पठाण म्हणतो, तो घालायचा. पुढे नाळ आणि मागे खांब उभा करायचा. मग मधला वाक, म्हणजे होडीची मधली फासळी, कसा ठेवायचा ते ठरवायचं. त्या एका वाकात सगळं येतं: होडी किती जाळं घेणार, किती डुलणार, लाट आली की नाळ कशी उचलणार. आजोबांकडे चोवीस तसूंचा लाकडी गज होता, पण ते दोरीच जास्त वापरायचे. पठाणाच्या लांबीची दोरी घ्यायची, तिच्या घड्या घालायच्या आणि त्यावरून रुंदी, खोली काढायची. त्या घड्यांचा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा. तुमच्या दोन मिस्त्रींचाही एकमेकांशी जुळणार नाही, आणि त्यावरून त्यांचा वाद होईल. तो वाद होऊ द्या, मध्ये पडू नका, आणि पोरांना तिथेच बसवा. वाद घालताना माणूस जेवढं सांगून जातो तेवढं मुलाखतीत कधी सांगत नाही.

एक प्रसंग सांगतो. दोन फळ्या एकमेकींना भिडतात तिथे कड तिरपी उतरवावी लागते, आणि हा तिरपेपणा नाळेपासून मध्यापर्यंत सतत बदलत जातो. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना वडिलांना विचारलं, कड किती उतरवायची? त्यांना सांगता येईना. दोन-तीनदा तोंड उघडलं, मग वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, उचलली. चार घाव घातले, फळी जागेवर लावली, मी पलीकडून बघून कुठून उजेड येतो ते सांगितलं. फळी काढली, परत दोन घाव. तिसऱ्यांदा लावली तेव्हा उजेड कुठूनच आला नाही. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "एवडा." हे "एवडा" शिकायला मला सहा वर्षं लागली.

म्हणून पंधरा दिवसांच्या वर्गाने काम होईल असं मला वाटत नाही. असा एक वर्ग मी स्वतः घेतलाय. एका कार्यालयाने बोलावलं होतं. वीस मुलं आली, हत्यारांची नावं लिहून घेतली, रंधा मारून पाहिला, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाले. होडी अर्धी राहिली ती राहिलीच, पावसात तिचे सांधे उघडले. त्या वीसपैकी एकही जण पुढे या कामात आला नाही, आणि त्यात मुलांचा काही दोष नव्हता. वीसऐवजी दोनच घ्या. दोघांना रोजची मजुरी द्या, मिस्त्रींना मिस्त्रींची द्या. एकदाच शाल-श्रीफळ आणि मानधन देऊन भागत नाही. दोन मिस्त्री आणि दोन पोरं मिळून एवढी होडी दीड-दोन महिन्यांत पाण्याला लागते.

पोरं कुठल्या घरातली, हे बघत बसू नका. आमच्याकडे हे काम घराबाहेर शिकवत नसत आणि मुलींना तर नाहीच नाही. त्या सवयीची फळं आज भोगतोय. घरातली मुलं गेली आणि घराबाहेरचं कुणी शिकलेलं नव्हतं.

आता तुमच्या किनाऱ्याची जी खास गोष्ट आहे तिच्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय की मोठ्या मिस्त्रींच्या वडिलांनी शिवलेल्या होड्या केल्या होत्या. हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला तुमच्या अख्ख्या पत्रात तीच ओळ सगळ्यांत मोलाची वाटली.

आपल्याकडे रापणीच्या होड्या खिळ्यांनी जोडत नसत, शिवत असत. फळ्यांच्या कडेला सामत्याने भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची पेंडी दाबून बसवायची आणि सुंभाने आतून-बाहेरून फुलीच्या टाक्यात आवळत जायचं. एक माणूस आत, एक बाहेर. आतल्याने दोरी ओढली की बाहेरच्याने भोकात लाकडाची खुंटी ठोकून ताण धरून ठेवायचा, नाहीतर पुढचा टाका घालेपर्यंत मागचा सैल पडतो. रापणीची होडी रोज लाटांतून थेट वाळूवर येऊन आपटते. खिळ्याच्या होडीत तो धक्का खिळ्यावर येतो, भोक मोठं होतं, गंज चढतो. शिवलेली होडी धक्क्याला थोडी लवते आणि परत जागेवर येते. दोर कुजला की उसवायचा, फळ्या त्याच ठेवायच्या आणि नव्याने शिवायची. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. होडीच्या सुंभाचा पीळ नीट नसेल तर सगळी शिवणच वाया जाते. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत ठेवायची, बडवायची, काथ्या मोकळा करायचा आणि मांडीवर वळायचा. तुमच्या गावात सुंभ वळलेल्या आज्या अजून असतील. मिस्त्रींच्या इतकंच त्यांच्याकडे जाऊन बसा.

२०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलाने आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून त्याचं रूप ठरवलं. गोव्यात होडी इनोव्हेशन्स या कंपनीने ते बांधलं. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून शिडावर निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचलं. बातमी वाचताना माझी छाती भरून आली. पण जहाज शिवणारे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे साथीदार केरळचे. चित्र आपल्या अजिंठ्याचं, बांधणी आपल्या शेजारच्या गोव्यात, आणि शिवायला माणसं केरळातून आणावी लागली, कारण तिथे हे काम हातात जिवंत राहिलं होतं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत होड्या शिवत होते, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. तुमच्या मोठ्या मिस्त्रींनी लहानपणी वडिलांबरोबर आत बसून दोरी ओढली असेल तर त्यांच्या हाताला ते आठवेल. बारा हातांची होडी खिळ्यांची करा, पण तिच्या आधी दोन फळ्यांचा चार हात लांब तुकडा तरी त्यांच्याकडून शिवून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

चित्रीकरण करायचंच असेल तर कॅमेरा हातांवर ठेवा. चेहऱ्यावर ठेवलात की मिस्त्री बोलायला लागतात आणि हात थांबतात. काम चुकलं, फळी फाटली, परत काढावी लागली, तर तेही ठेवा. मिस्त्री मध्येच थांबून नुसते बघत उभे राहतात तो वेळ कापू नका. नंतर त्यांना तेच दाखवून विचारा, इथे का थांबलात? माझ्या वडिलांचं असं एकच तासाभराचं चित्रीकरण माझ्याकडे आहे, आणि ज्याने केलं त्याने नेमक्या या थांबण्याच्या जागा कंटाळवाण्या म्हणून काढून टाकल्या. आता विचारायला वडील नाहीत.

आवाजही नीट टिपा. खिळ्याच्या होडीचे सांधे भरताना कापसाची वात तेलात आणि राळेत भिजवून पटाशीने सांध्यात दाबतात आणि वर लाकडी हातोडा मारतात. सुरुवातीला आवाज पोकळ येतो. वात बसत गेली की तो भरीव होतो आणि एका क्षणी कोरडा, टणक ऐकू येतो. तिथे थांबायचं. त्यापुढे एक घाव जरी मारला तरी फळी सांध्यापासून सरकते आणि पलीकडचा सांधा उघडतो. आजोबांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. ते होडीच्या पोटात बसून मी बाहेरून मारलेले घाव ऐकायचे आणि आतून थाप मारून सांगायचे, पुढे सरक.

लाकडाचं सांगतो, कारण गाडं अडलं तर इथेच अडेल. साग आणाल तर पैसे तिथेच संपतील, आणि एवढ्या होडीला सागाची गरजही नाही. फळ्यांना आंबा किंवा फणस चालतो, वाकांना ऐन. वाकाचं लाकूड सरळ ओंडक्यातून कापू नका. जिथे फांदी मुळातच वाकलेली आहे तिथूनच वाक काढायचा, म्हणजे लाकडाचा धागा वळणाबरोबर जातो. सरळ ओंडक्यातून कापलेला वाक दिसायला तसाच दिसतो आणि पहिल्या मोठ्या लाटेला धाग्यात चिरतो. पूर्वी मिस्त्री रानात फिरताना झाडाकडे बघून म्हणायचे, ही फांदी नाळेजवळच्या वाकाची. डोलकाठीला आणि काही फळ्यांना उंडी. तिच्या बियांचं तेल दिव्याला आणि होडीलाही.

ओलं लाकूड वापरू नका. ही चूक मी एकदा केलीय. गिऱ्हाइकाला घाई होती, मलाही पैशांची गरज होती. आंबा पुरता सुकला नव्हता. होळीपर्यंत प्रत्येक सांध्यात बोट जाईल एवढी फट पडली, आणि ती होडी मी पदरचे पैसे घालून पुन्हा बांधून दिली. लाकूड यंदा थंडीत पाडा, सावलीत, जमिनीपासून उंच रचून ठेवा, आणि पठाण पुढच्या दिवाळीनंतर घाला. मालकीच्या जागेतलं झाड असलं तरी तोडायची आणि वाहून न्यायची परवानगी आधी घ्या. त्याला लागणारा वेळ या वर्षात बसून जाईल.

आणि झाडं लावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं ते सांगितलंय: साग वगैरे जे लागेल ते परवानगीने तोडावं, कमी पडेल ते बाहेरच्या मुलखातून विकत आणावं, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही आहे, पाहिली नसेल तर पोरांना घेऊन जा. एवढ्या गोदीला लाकूड पुरवणाऱ्या राज्याला झाडाची किंमत कळत होती. आज आपण उंडी किनाऱ्यावरून तोडून तिथे सुरू लावतो.

आता फायबरची बाजू. तुमच्या पत्रात फायबरबद्दल राग दिसतो. तो सोडून द्या. फायबरची होडी हलकी असते, तिला किडा लागत नाही, दर वर्षी वर ओढून सांधे भरावे लागत नाहीत. एकट्याने मासेमारी करणाऱ्या माणसाने ती घेतली तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. लाकडी होडीला पावसाळ्याआधी वर घ्यायची, झापांनी शाकारायची, बुडाला पेंढ्याचा शेक देऊन किडा मारायचा, तेल पाजायचं, हे सगळं आलंच. पूर्वी मोरी माशाच्या (शार्कच्या) काळजाचं तेल लावत, आता काजूच्या टरफलाचं लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, डागडुजीला तेच दिवस. पण हेही लक्षात ठेवा की नीट राखलेलं लाकूड माणसाच्या कितीतरी पिढ्या टिकतं. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाचं बांधलेलं त्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतंय.

शिवाय फायबरच्या धंद्यातच लाकडाच्या मिस्त्रीला काम आहे. फायबरची होडी साच्यातून निघते, आणि साच्यासाठी आधी कुणीतरी लाकडाची होडी डोळ्याने घडवावी लागते. मी अकरा वर्षं तेच केलं. त्याचे पैसे बरे मिळतात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली म्हादेई ही नौदलाची शिडाची बोट लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवलेली आहे. त्याच बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. नौदलाची तारिणी ही शिडाची बोटही तिथलीच. तुमच्या दोन पोरांनी एक होडी पुरती केली की अशा ठिकाणी त्यांना दार उघडतं. हे त्यांच्या आईवडिलांना आधी सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात मुलांना परत बोलावून घेतील.

राहिलं शीड. होडी बांधली आणि तिला इंजिन लावून मोकळे झालात तर अर्धंच काम झालं. मिस्त्री पठाणाची खोली आणि डोलकाठीची जागा शिडाच्या हिशेबाने ठरवतो. शीड गेलं की त्या मापांचं कारण कुणालाच कळेनासं होतं आणि दोन पिढ्यांत मापंच बदलतात. आपली डोलकाठी पुढे झुकलेली का, हे विचारणारा पोरगा मला गेल्या दहा वर्षांत भेटला नाही. ती पुढे झुकलेली असते म्हणून परभाण, म्हणजे शिडाची तिरपी काठी, काठीपासून मोकळी लोंबते आणि वारा बदलला की पुढून दुसऱ्या बाजूला नेता येते. हे करताना शीड क्षणभर हातातून सुटल्यासारखं होतं. पहिल्यांदा करताना माझे दोन्ही तळवे सोलून निघाले होते.

शीड शिकवायला गावातला जुना तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, शोधा, मिस्त्री नको. कार्तिक ते फाल्गुन शिकवा. नारळी पौर्णिमेला नारळ अवश्य वाहा, पण त्या दिवशी दर्या अजून खवळलेला असतो, नवशिक्यांना घेऊन जाऊ नका. पहाटे मतलई सुटते, जमिनीकडून समुद्राकडे. तिच्यावर बाहेर पडायचं. दुपारी खारा वारा उलटा येतो, त्याच्यावर घरी यायचं. एवढं एक चक्र पोरांनी महिनाभर केलं तरी पुष्कळ. सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट हवं. तांडेल नको म्हणाले तरी हवं.

भरतीचा हिशेबही तोंडी करवून घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे गणित मुंबईकडचं. आपल्याकडे दक्षिणेला भरती त्याच्या आधी येते. किती आधी, ते पोरांनी तुमच्या खाडीत काठी रोवून पंधरा दिवस स्वतः लिहून काढू दे. मोबाइलवर वेळ दिसते हे खरं, पण खाडीच्या तोंडाशी आणि आत दोन मैलांवर ती वेगळी असते. काठीवर लिहून काढली तरच तुमच्या गावाची वेळ हाती येते.

पहिल्या होडीचं भागलं की दुसरी कोण सांगणार, याचा शोध त्याच वर्षी सुरू करा. खाडीच्या आत दिवाळीनंतर शिडाच्या होड्यांची शर्यत ठेवलीत तर शेजारच्या गावांत हमखास चुरस लागेल, आणि चुरस लागली की होडीला गिऱ्हाईक मिळतं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांच्या लाकडी होडीबांधणीला २०२१ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. संग्रहालय, फलक, यादी हे सगळं आपल्यालाही पुढे करता येईल. तोवर दोन मिस्त्रींच्या हातात वाकस राहिली पाहिजे.

या आठवड्यात एवढं करा. मोठ्या मिस्त्रींना किनाऱ्यावर घेऊन जा आणि बारा हातांच्या होडीला पठाण किती लांब लागेल ते वाळूत आखायला सांगा. कागद पुढे करू नका. त्यांनी आखलेली लांबी आणि दोरीला किती घड्या घातल्या ते मला कळवा. त्यावरून लाकूड किती लागेल ते मी काढून देतो. लाकूड पाडायच्या दिवशी मी येईन, वाकांच्या फांद्या आपण मिळून निवडू. तोवर उंडीची फळं गोळा करून ठेवा. बीचं कवच हलकं फोडून पेरलं की लवकर रुजतं.